काकीच्या घराखालून

माझा मोठा भाऊ एका दूरच्या शहरात जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या कामावर होता. आबा, म्हणजे आमचे वडील, त्या शहराचं नाव दरवेळी वेगळंच उच्चारायचे, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. गोष्ट नव्वदच्या दशकातली. वरकुट्याच्या आमच्या वस्तीवर तेव्हा साध्या रेल्वेत बसलेली माणसंही थोडीच होती, आणि ही तर जमिनीच्या पोटातून धावणारी. आबांना त्याचं कोण कौतुक! सोसायटीच्या दारात, इंदापूरच्या बाजारात, कुणीही भेटलं की म्हणायचे, "आमचं थोरलं बोगद्यावर हाय." समोरच्यानं चुकून "कसला बोगदा?" असं विचारलं की संपलंच. वर शहर, शहरात मोटारी, मोटारींखाली रस्ता, आणि रस्त्याखाली आमचा पोरगा. मला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

मी बारामतीला कॉलेजात होते. खोली करून राहायचे आणि सुट्टी लागली की एसटीनं घरी यायचे. त्या वर्षी दादा ऐन उन्हाळ्यात रजेवर आला, तेव्हा मीही घरीच होते. तो वाळला होता. जेवताना मध्येच हात थांबवून भिंतीकडं बघत बसायचा. आई विचारायची, "मीठ कमी झालंय का रं?" तर दचकून "न्हाय, न्हाय" म्हणायचा. प्रवासाचा शीण असेल असं आई म्हणाली. मला ते पटलं नाही, पण काय विचारावं तेही सुचलं नाही.

आबा आणि तात्या मात्र त्याची वेगळ्याच कारणासाठी वाट बघत होते.

तात्या म्हणजे आबांचे मधले भाऊ. आमचं आणि तात्यांचं घर विहिरीच्या अलीकडं, शेजारी शेजारी. विहिरीच्या पलीकडं, कालव्याच्या फाट्याच्या बाजूला, काकीचं घर एकटंच उभं होतं. धाकटे चुलते वारल्यापासून काकी तिथं एकटीच राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. घर चुलत्यांनी स्वतः विटा रचून बांधलेलं, वस्तीवरचं पहिलं पक्कं घर. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, दाराशी जास्वंद, आणि ओटा इतका गुळगुळीत की उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं त्याच्यावर लोळायचो.

विहीर आजोबांची. धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर ही विहीर खणली. दुसऱ्याच्या पाणवठ्यावर ओंजळ पुढं करून उभं राहायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. पण विहिरीला पाणी टिकायचं नाही. शिमगा सरला की तळ दिसायला लागायचा, आणि आमच्या घरच्या बायका पुन्हा कुणाच्या तरी बांधावर घागर घेऊन उभ्या. पाणी द्यायला कुणी नाही म्हणायचं नाही. पण घागर भरेपर्यंत पाण्याच्या मोटारीकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघायचे. आबा त्या दिवसांत घरात कुणाशी नीट बोलायचे नाहीत.

आमच्या भागात विहिरीला पाणी लागलं नाही की लोक खाली जायचं सोडून आडवे जातात. विहिरीच्या तळातून, कालव्याच्या दिशेनं, माणूस वाकून जाईल एवढं भुयार खणत न्यायचं. कालव्याचं जे पाणी जमिनीत मुरतं ते त्या भुयारातून विहिरीत उतरतं. कालव्याच्या हद्दीच्या अलीकडं थांबलं की कुणी विचारत नाही. आबांनी आणि तात्यांनी वर्षभर हाच बेत शिजवला होता, आणि घरात बोगद्याचा माणूस असताना बाहेरच्या कुणाला कशाला विचारायचं, म्हणून ते दादाच्या रजेसाठी थांबले होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघं त्याला विहिरीवर घेऊन गेले. मी चहा घेऊन मागून गेले. तळाशी हिरवट पाण्याचा डाग तेवढा उरला होता. तात्यांनी काठीनं हवेत रेघ ओढली, विहिरीपासून थेट फाट्यापर्यंत. "ही अशी. तू फकस्त उतार किती ठिवायचा त्येवढं सांग."

दादाची नजर त्या रेघेवरून गेली आणि मध्येच थांबली.

"तात्या, ह्या रेघेवर काकीचं घर हाय."

"हाय की. घराखालनं जायाचं, घरातनं थोडंच जायाचंय?" तात्या हसले. आबाही हसले. दादा हसला नाही.

"मी न्हाय आखून देणार," तो म्हणाला. "आन् तुमी बी खणू नका."

आबांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पाहिला. वर्षभर ज्या पोराच्या नावानं छाती फुगवली, त्यानं भावासमोर तोंडावर नाही म्हणावं! तात्यांच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिकडं परक्यांसाठी खणतोस, आन् घरच्यांसाठी हात आखडतोस व्हय? काय लेका, शिकलास म्हंजे?"  चहा तसाच ठेवून दादा घराकडं निघून गेला.

खरं तर दादाचं काम खणायचं नव्हतंच. डिप्लोमा करून तो तिथं लागला होता. तिकडं रस्ता उघडा पाडून, दोन्ही कडांना जमिनीत काँक्रीटच्या भिंती उतरवून मधली माती काढायचे, खाली गाडीसाठी पेटीसारखा बंद बोगदा बांधायचे आणि वरून पुन्हा रस्ता. त्या खड्ड्याच्या कडेनं जी जुनी घरं उभी होती, त्यांच्यावर नजर ठेवायची हे दादाचं काम. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. भेग वाढली तर काच तडकते, आणि मग वरच्या साहेबांना कळवायचं. एवढ्याशा कामाला कुणी पगार देतं यावर आईचा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता.

दुपारी लिंबाखाली सगळे जमले. काकीही आली. विहिरीत तिचाही वाटा होता आणि पाणी तिलाही हवं होतं. आबांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "पोरा, सरकार तितं येवढा पैका वततंय, ते काय येडं हाय का? लोकांचं भलं व्हतं म्हणूनच ना?"

"व्हतं की," दादा म्हणाला. "गाडी चांगलीच हाय आबा. मी बसलोय. जितं जायाला अर्धा दिस मोडायचा, तितं आता मानूस बसल्या बसल्या पोचतंय. कामावर, दवाखान्यात. मी काय वाईट म्हणत न्हाय. पर गाडीत बसलेलं मानूस वर बघत न्हाय. वर कुणाची भित आडवी झाली, ती तिकिटावर लिवत न्हाईत."

मग त्यानं एका घराची हकिकत सांगितली. खड्ड्याच्या अगदी कडेला, खालच्या मजल्यावर एक बाई शिवणकाम करायची. दादा रोज तिच्या भिंतीची काच बघायला जायचा, ती त्याला रोज चहा पाजायची. खड्ड्यात पाणी येऊ नये म्हणून पंपानं सारखं उपसायचे. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी त्याबरोबर निघून जायचं, आणि पाणी गेलं की तिथली माती बसायची. त्या बाईच्या भिंतीला भेग पडली. काचही तडकली.

"मला वाटलं, उन्हानं तडकली," दादा म्हणाला. "म्हणलं, उन्हाळ्याची भेग हाय, पावसात बुजंल."

यात चुकीचं काय, हे आमच्यातल्या कुणालाच चटकन कळलं नाही. कारण आम्हीही तेच म्हणालो असतो. आमच्या काळ्या रानाला मे महिन्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि रानाबरोबर घरांनाही पडतात. बायका शेणमातीनं लिंपतात. पाऊस पडला की जमीन फुगते आणि भेगा आपसूक मिटतात. भेगेला भिणारा माणूस आमच्याकडं जन्मालाच आला नव्हता. दादा याच मातीतला. सहा-सात महिने त्याला तिकडं काम शिकवलं होतं, पण त्याआधीची वीस वर्षं या मातीनं शिकवलं होतं.

"मग?" आबांनी विचारलं.

"न्हाय बुजली. घर बसलं."

 तात्या म्हणाले, "तितं नदीकाठचा चिखल असंल. आपला मुरूम हाय, मुरूम." आबांनी विचारलं, "मग गाडी थांबली का?"

"न्हाय. गाडी सुरू झाली."

"मग झालं तर," आबा म्हणाले, आणि उठले.

चार दिवसांत मिस्त्री माणसं घेऊन आला. विहिरीच्या काठावर माती वर ओढायची यारी बसली, आणि तिच्या पाटीतून ओला मुरूम वर यायला लागला. दिवसभर खालून टिकावाचे घाव ऐकू यायचे. पहिल्यांदा ते विहिरीतून यायचे. नंतर नंतर काकीच्या ओट्यावर बसलं की बुडाखालून यायला लागले. काकीला त्याची गंमत वाटायची. "बघ गं," मला म्हणायची, "माझ्या चुलीखाली कुनीतरी दार वाजवतंय." मी हसायचे, पण ओट्यावरून उठून उभी राहायचे.

दादानं रजा वाढवली. आबांशी त्याचं बोलणं बंद होतं. इंदापुरातून तो काच कापून घेऊन आला आणि काकीच्या मागच्या भिंतीवर, फाट्याच्या बाजूला, भेगांवर पट्ट्या चिकटवल्या. वस्तीला करमणूक झाली. कुणी म्हणे, आमच्या बी भिताडाला आरसा लाव की, भांग पाडायला बरा. तात्यांची पोरं काकीच्या घराला शीशमहाल म्हणायला लागली. काकी स्वतःही कमी नव्हती. "तुज्या काकानं येवढं घर बांधलं," ती म्हणाली, "तवा एक भिंग लावाया इसरलाच व्हता बघ."

एक दिवस दादानं मला काकीच्या मागच्या खोलीचं दार लावायला सांगितलं. मी लावलं, ते चौकटीला घासलं. जोर केला तरी पूर्ण बसेना.

"घासतंय," मी म्हणाले. "मग काय झालं?"

"उन्हाळ्यात लाकूड सुकतं. दार सैल व्हायला पायजे. ह्ये घट का झालं?"

त्या एका प्रश्नानं माझी झोप उडाली. भेगांचं मला काही कळत नव्हतं, पण चौकट कलली की दार अडकतं, एवढं दाराचं कळत होतं. आमच्या घरची सगळी दारं त्या दिवसांत सैल पडून वाऱ्यानं वाजायची. त्यानंतर मी काकीकडं गेले की आधी ते दार लावून बघायचे. रोज थोडं अधिक घासायचं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बिजागरी ढिली झाली असंल." मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तूबी त्येच्याच नादी लागलीस का?"

आणि मग पाणी लागलं.

भुयार काकीच्या घराखालून पुढं सरकलं, आणि एका सकाळी मिस्त्रीनं खालून आरोळी ठोकली. समोरच्या मुरमातून पाण्याची धार फुटली होती. फार मोठी नाही, करंगळीएवढी. पण ती विहिरीच्या तळाशी झुळझुळत आली, आणि संध्याकाळपर्यंत तळ झाकला गेला. आई काठावर उभी राहून रडली. आबांनी खाली उतरून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. मीही घागर भरून आणली, आपल्या विहिरीतली, ऐन वैशाखात, आणि येताना मुद्दाम लांबच्या वाटेनं, सगळ्यांच्या बांधांवरून आले. खोटं कशाला बोलू? त्या घागरीचा मला दादाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त अभिमान वाटला. ते पाणी गोड होतं आणि आमचं होतं. फक्त त्या रात्री जेवताना दादानं पाण्याला हात लावला नाही, ताक पिऊन उठला.

पाणी लागल्यावर खणणं थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. करंगळीएवढी धार आता मनगटाएवढी हवी होती.

त्याच सुमारास कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सांगून गेला की फाट्याला पाणी सुटणार आहे. आमच्या टोकापर्यंत उन्हाळ्यात पाणी क्वचितच यायचं, त्यामुळं वस्तीवर आनंदीआनंद. दादाचा चेहरा मात्र पांढरा पडला. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा आबांशी बोलला. "आबा, आत्ता माती वल धरून हाय म्हणून उभी हाय. फाटा भरला की जोरानं पानी आत येणार, आन् येताना माती घिऊन येणार. भुयाराला धीर द्या. लाकडं लावा, दगड रचा. न्हायतर काकीला आपल्या घरात आणा."

"धीर तू धर," आबा म्हणाले. "मानसं हसाया लागलीत आपल्याला."

तात्यांनी कुठूनतरी दोन बाभळीचे ओंडके आणून भुयाराच्या तोंडाशी उभे केले. म्हणाले, घे, झालं तुझं समाधान?

राहता राहिली काकी. दादा दुपारी तिच्याकडं गेला, मीही गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. दादा खाली बसला आणि म्हणाला, "काकी, पानी हाय तवर आमच्याकडं राहा."

"का रं? माजं घर सोडून?"

"घर बसंल."

"बसंल तवा बसंल. तुज्या काकानं स्वता रचलंय. त्यो हितं गेला, मी बी हितंच जाईन." ती हे काही जड आवाजात म्हणाली नाही. तांदळातला खडा काढून बाहेर टाकावा तसं सहज म्हणाली. मग थांबली, दादाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "ती शिवणवाली बाई कुठं गेली रं मग? घर बसल्यावर?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. आबांनी गाडीचं विचारलं, तात्यांनी मातीचं. मी मनाशी धरून चालले होते की घर बसलं म्हणजे माणसं आधीच बाहेर पडली असणार.



"आत व्हती," दादा म्हणाला. "ऑफिसनं तिला दुसरी खोली दिली व्हती. जाऊ का, म्हणून तिनं मला इचारलं. मी रोज जायाचो ना. मी म्हणलं, कशाला जाता, पावसात बुजंल."

काकीनं सूप बाजूला ठेवलं. ती त्याच्याजवळ सरकली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या शहराचा, त्या गाडीचा, आबांचा, सगळ्यांचा भयंकर राग आला. पण जास्त राग आला तो या गोष्टीचा, की एवढं सगळं पोटात ठेवून हा माणूस आमच्या घरी जेवत होता आणि आम्ही त्याला शिकलेला म्हणून टोमणे मारत होतो.

"चल," काकी म्हणाली. "मूर्ती घे कोनाड्यातली. मला काय वाटत न्हाय घर बसंलसं. पर तू म्हणतोस म्हणून येते."

काकी आमच्याकडं राहायला आली आणि वस्तीवर नवा विषय झाला. तात्या आबांना म्हणाले, "पोरानं बाईला घर सोडाया लावलं, शोभतं का ह्ये?" काकी दिवसातून चार वेळा काही ना काही आणायला घराकडं निघायची, आणि चारही वेळा दादा तिला अडवायचा. मी म्हणायचे, पळी हवी, तर मी देते. वहाण राहिली, तर माझी घाल. तिलाही ते अति व्हायला लागलं होतं.

फाट्याला पाणी आलं ते सकाळी. आम्ही सगळे बघायला गेलो. कचरा, पालापाचोळा पुढं ढकलत ते गढूळ पाणी आलं, आणि पोरांनी त्यात उड्या मारल्या. दुपारपर्यंत फाटा काठोकाठ भरला. आमच्या विहिरीतली धार जाड झाली, मग लाल झाली. पाणी भराभरा चढायला लागलं. आबा आणि तात्या काठावर उभे राहून एखाद्या लग्नातल्यासारखे हसत होते. खणणारी माणसं वर आलेली होती, तेवढं नशीब. दादा विहिरीकडं बघतच नव्हता. तो काकीच्या घराकडं तोंड करून उभा होता.

"पानी लाल का?" त्यानं विचारलं. कुणी ऐकलं नाही.

आवाज मोठा झालाच नाही. मला वाटलं होतं, घर पडतं म्हणजे गडगडाट होत असेल. तसं काही नाही. मागची खोली आधी गुडघे टेकल्यासारखी खाली गेली, मग पत्रे कर्र वाजले, मग पुढची भिंत सावकाश आत झुकली. धुरळा उठला. जास्वंद काही क्षण उभी होती, ती ओट्याबरोबर खाली सरकली. जिथं काकीची चूल होती तिथं खड्डा पडला, आणि त्यात पाणी वळवळायला लागलं.

काकी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात माझीच वहाण होती, घालायची राहिलेली. 

आणि आबा? आबा आधी घराकडं धावले. काकी इकडं आहे हे बघून थांबले. मग वळून विहिरीत वाकून बघितलं, भुयार बुजून पाणी थांबलं तर नाही ना म्हणून. मी त्यांची मुलगी आहे, त्यांच्यावर माझी माया होती आणि आहे, तरी ते वाकणं मला आजही विसरता येत नाही.

पाणी थांबलं नाही. दोन-चार दिवसांत निवळलं आणि टिकलं.

मला वाटलं होतं, आता तरी दादाचं म्हणणं सगळ्यांना पटेल. झालं उलटंच. काकी वाचली होती ना! मग लोक म्हणायला लागले, "कुनी मेलं का? जुनं घर व्हतं, पडलं. उगंच येवढा घोर लावला." काकी आत असती तर दादाचं खरं ठरलं असतं. ती बाहेर होती म्हणून तो घाबरट ठरला. एवढा साधा हिशेब मला त्या वयातही कळला आणि माझं डोकं भणभणून गेलं. मी तात्यांशी कडाकडा भांडले. काकीनंच मला हाताला धरून आत नेलं.

दादा परत निघाला तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर मी त्याला म्हणाले, "नको जाऊ तिकडं. दुसरं कायतरी बघ."

"पुढचा टप्पा खणाया घेतलाय," तो म्हणाला. "मी न्हाय गेलो, तर भेगा बघाया कुनीतरी नवा येईल. त्यो बी म्हणंल, बुजंल."

पुढच्या वर्षी आमच्या रानात ऊस उभा राहिला. बायकांनी परत कुणाच्या बांधावर घागर नेली नाही. काकी आमच्या पुढच्या खोलीत राहायला लागली ती कायमचीच. आबांनी तिला नवं घर बांधून द्यायचं कबूल केलं होतं, आणि ते खरंच बांधणार होते, ऊस गेल्यावर, मग त्याच बुडख्यांचा खोडवा गेल्यावर. काकीनं एकदाही आठवण केली नाही. मी केली, दर सुट्टीला केली, आणि दर सुट्टीला आबा माझ्यावर चिडले.

आणि उन्हाळा लागला तशी आमच्याकडं माणसं यायला लागली. वरच्या अंगाच्या वस्तीतली, फाट्याच्या कडेची, विहिरी कोरड्या पडलेली. ती आमचा ऊस बघायची, विहिरीत डोकवायची, आईच्या हातचं ते पाणी पिऊन वाहवा करायची. खड्ड्याकडं कुणाची नजर जायची नाही. तिथं आता बाभळी उगवल्या होत्या. त्यांना एकच हवं होतं. आमच्या बोगद्याला पाणी लागलं, आमच्या घरात बोगद्याचा माणूस, तर त्यानंच त्यांची रेघ आखून द्यावी. दादानं आमची रेघ आखली नव्हती, हे सांगायला मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडं डोळे वटारले आणि मला चहा आणायला आत पाठवलं. त्यांची छाती पुन्हा फुगली होती.

त्यांच्यातले चौघं आणि आबा इंदापूरला एसटीडी बूथवर गेले. नंबर लावायला मला नेलं. फोन लागला, आबांनी माझ्या हातातून घेतला आणि नेहमीप्रमाणं बूथच्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"बाळा, ह्या उन्हाळ्यात रजा काढ. वरच्या वस्तीवरची मानसं आल्यात. सगळ्यांनी मिळून एकच बोगदा मारायचा म्हणत्यात. तुजं नाव घेत्यात बघ!"

पलीकडून दादानं काहीतरी विचारलं. आबांनी फोनवर हात ठेवला आणि काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांना ओरडून विचारलं, "वर कोन राहतं, म्हणतोय."

बाहेर हसणं झालं. कुणीतरी उत्तर दिलं आणि आबांनी ते तसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं.

"वर कुनी राहत न्हाय रं. वर शाळा हाय. आन् सुट्टीच हाय की तिला, जूनपातूर."